मुद्दाम केलेल्या चुका

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं अजून खाली टेकत नाहीत, तेवढी सूट असावी.) तुझं पत्र पोचलं. तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, आणि भावजींनी त्याच गुडघ्यावर इस्त्रीचं टेबल पाडलं हे वाचून आणखी वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. त्यांची तब्येत कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांग, मात्र ते बसलेले असताना सांग. उभे असतील तर उलट नमस्कार करायला ते दोन्ही हात जोडतील आणि हातात जे काही असेल ते जाईल. आई ठणठणीत आहे. ऐकू कमी येतं अशी तिची तक्रार आहे, पण तिच्याविषयी दोन खोल्या पलीकडे बोललेलं तिला स्वच्छ ऐकू येतं, तेव्हा काळजी करू नये. तुझी भावजय बरी आहे, मीही बरा आहे. ठिणगीचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

ठिणगी आता दुसरीत आहे. (हे नाव तिला बारशाच्याही आधी तूच ठेवलंस, तेव्हा पुढच्या मजकुराची थोडी जबाबदारी तुझ्याकडेही येते.) तर झालं असं, की चित्रकलेच्या तासाला ती हत्ती काढत होती. शेजारी बसणारा चष्मेवाला मुलगा रबर शोधायला वळला, त्याचं कोपर लागलं आणि हत्तीच्या पोटातून एक रेघ आरपार गेली. ठिणगीने ब्रश बुडवायचं भांडं उचललं, त्या मुलाचा चष्मा काढून बाकावर नीट ठेवला, आणि भांडं त्याच्या डोक्यावर पालथं केलं. पाणी जांभळं होतं. वर्गबाईंचं म्हणणं असं, की चष्मा आधी काढून ठेवला यात विचार दिसतो. मी म्हटलं, विचार दिसत असेल तर ते मुलीचं कौतुकच आहे. त्यावर तुझ्या भावजयीने टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणून मी पुढचं बोललो नाही.

हे पहिलंच असतं तर पोरखेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण जिन्यात कोणाचा धक्का लागला की ही त्याला तो सव्याज परत करते. रांगेत कोणी मागून हसलं की ते आपल्यालाच हसलं असं धरून ही वळते, आणि वळते ती हात उगारूनच. एका मुलीने जांभई दिली तर ही आपल्याला वेडावून दाखवते आहे असं समजून हिने तिची वेणी ओढली. (जांभई कोणाला उद्देशून असते हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. कचेरीत साहेबांनी दिली की मी दचकतो.) प्रत्येक वेळी हिचा जबाब एकच: त्याने मुद्दाम केलं, तिने मुद्दाम केलं. आता मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं आहे, की सत्र संपेपर्यंत आणखी एक जरी तक्रार आली तरी आम्ही दुसरी शाळा बघावी हे बरं. ताई, तू हे वाचून हसत असशील. मलाही लिहिताना हसू येतं आहे. पण परतताना मी वर्गाच्या खिडकीतून डोकावलो. तिच्या शेजारी आता कोणी बसत नाही. त्या रिकाम्या जागेवर तिने आपलं दप्तर उभं करून ठेवलं होतं, कोणीतरी बसल्यासारखं. मी ते पाहिलं आणि त्या दिवशी कचेरीत माझं कामात लक्ष लागलं नाही.

शाळेने आम्हाला त्यांच्या समुपदेशकबाईंकडे पाठवलं. बाई तरुण आहेत, सावकाश बोलतात, आणि समोरच्याने काहीही सांगितलं तरी मान डोलावतात. असं माणूस भेटलं की मला आधी संशय येतो, पण बाई खरंच चांगल्या निघाल्या. त्यांनी ठिणगीला चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात एका मुलाचा चेंडू लागून दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडलेला. बाईंनी विचारलं, काय झालं असेल? ठिणगी म्हणाली, त्याने कालच ठरवलं होतं. दुसऱ्या चित्रात खिडकीत मांजर आणि खाली फुटलेली कुंडी. ठिणगी म्हणाली, तिचं तोंड बघा ना. (मी वाकून पाहिलं. ताई, खरं सांगतो, मांजराचं तोंड मलाही बरं वाटलं नाही.) तिसऱ्या चित्रात वाऱ्याने एका बाईंची छत्री उलटी झालेली. समुपदेशकबाईंनी हळूच विचारलं, वाऱ्यानेसुद्धा मुद्दाम केलं? ठिणगीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि विचारलं, मग बाकीच्यांच्या छत्र्या कशा नाही उलटल्या? मला हा मुद्दा बिनतोड वाटला. मी तसं म्हणणार होतो, पण पाय आधीच दाबलेला होता.

मग बाईंनी ठिणगीला बाहेर खेळायला पाठवलं आणि मला विचारलं, आपण काय करता? मी सांगितलं, विम्याच्या कचेरीत दाव्यांची तपासणी करतो. आग लागली, नळ फुटला, गाडी ठोकली, की ते खरंच घडलं की कोणी घडवून आणलं ते शोधायचं. बाईंनी विचारलं, घरी कामाच्या गोष्टी बोलता? मी म्हटलं, रोज, जेवताना. मुलीला फार आवडतं. उगाच मोठेपणा नको म्हणून एवढंच सांगितलं, की माझं एक तत्त्व आहे आणि ते मी तिला बोलायला लागल्यापासून शिकवत आलो आहे: आपोआप काही होत नसतं. बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. मला वाटलं, आवडलं. बाहेर आल्यावर तुझी भावजय जिना उतरून, रस्ता ओलांडून थेट थांब्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेही आपोआप झालं नसावं.

बाईंनी जे समजावलं ते थोडक्यात असं. काही मुलांना दुसऱ्याच्या मनातलं वाचताच येत नाही असं नाही, पण ती एकच पान वाचतात. धक्का लागला की तो कोणी दिला एवढंच त्यांना दिसतं. त्याचा पाय घसरला असेल, त्याचं लक्ष नसेल, तोही घाबरला असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. मग हात उठतो. कारण त्यांच्या लेखी मारामारी समोरच्याने आधीच सुरू केलेली असते, ही मुलं फक्त उत्तर देत असतात. मी विचारलं, म्हणजे दुसऱ्याचं मन चांगलं वाचता आलं की पोर शहाणं होतं? बाई हसल्या आणि म्हणाल्या, तसंही नसतं हो. वर्गात अशीही एखादी असते जिला सगळ्यांची मनं तळहातावरच्या रेषांसारखी दिसतात. ती कधी बोटही उचलत नाही, फक्त मैत्रिणींच्या कानात सांगते की आजपासून हिच्याशी बोलायचं नाही. नुसतं वाचता येऊन भागत नाही, वाचून जीवही कळवळावा लागतो. मला एकदम आमचे साहेब आठवले. ते ह्या दुसऱ्या प्रकारातले. त्यांनी आजवर कोणाला टोचून एक शब्द बोललेला नाही आणि मी आठ वर्षं दारालगतच्या टेबलावर बसतो आहे.

उपाय म्हणून बाईंनी घरी करायचा एक सराव दिला. घरात लहानसहान काही सांडलं, पडलं, धक्का लागला, की लगेच थांबायचं आणि ठिणगीला विचारायचं: मुद्दाम की चुकून? कशावरून? दुसरं काय कारण असेल? ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी आली, की आमच्या घरात काही सांडत नाही. तुझी भावजय रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या हातून थेंब सांडला तर माणसांचे आजार बदलतात. मी कसा आहे ते तुला माहीतच आहे. आणि आईने आयुष्यात एकही गोष्ट चुकून केलेली नाही, असं ती स्वतःच सांगते. दोन दिवस आम्ही तिघं ठिणगीच्या आसपास वाट बघत फिरलो. काही म्हणता काही पडेना. शेवटी मी निर्णय घेतला, की चुका घडत नसतील तर घडवून आणाव्या लागतील.

सुरुवात मी केली. ठिणगी ठोकळ्यांचं घर बांधत होती. मी खांद्यावर टॉवेल टाकून, शीळ घालत बाजूने गेलो आणि वळताना टॉवेलच्या टोकाने छप्पर पाडलं. (आरशासमोर आधी सराव केला होता. टोकाला गाठ मारल्याशिवाय टॉवेल नेमका लागत नाही.) मग थांबून, कपाळावर हात मारून, पाठ केलेला प्रश्न विचारला: मुद्दाम की चुकून? ठिणगीने आधी टॉवेलची गाठ पाहिली. मग म्हणाली, तुम्ही कधी शीळ घालत नाही. आणि मला नडगीवर लाथ बसली. नडगी अजून हिरवी-निळी आहे, पण ताई, पुरावा ज्या क्रमाने तिने तपासला तो क्रम अचूक होता, हे मी दुखत असतानाही मनात नोंदवलं.

पुढचा नंबर तुझ्या भावजयीचा, आणि तिने जेवणाच्या टेबलावर पाणी सांडायचं ठरलं. बिचारीने मन घट्ट करून पेला कलंडवला. पाणी एका सरळ ओघळात निघालं, ठिणगीच्या वहीपासून वीतभर अलीकडे थांबलं, आणि तिथे त्याचं एक सुबक तळं झालं. सांडल्यासारखं नव्हे, वाढल्यासारखं वाटत होतं. वर हिने सवयीने पेल्यात किती उरलं ते डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिलं. आम्ही काही विचारायच्या आधीच ठिणगी म्हणाली, मुद्दाम.

आईला मी नीट समजावून सांगितलं होतं, की ठिणगीच्या पायावर हलकेच पाय ठेव आणि म्हण, अगंबाई, चुकून पडला. आईने पाय ठेवला, चांगला ठेवला. ठिणगी ओरडली, आजी, मुद्दाम केलंस! आई म्हणाली, मग? तुझ्या बापाने सांगितलं म्हणून केलं. मी तिला बाजूला घेऊन सगळं पुन्हा सांगितलं, तर म्हणते, ह्या वयात माझ्याकडून पोरीशी खोटं बोलवून घेतोस? तुझ्या लक्षात आलं असेल, की घरात संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि त्यातलं प्रत्येक मौन मुद्दाम होतं.

पुढच्या भेटीत समुपदेशकबाईंनी मोठ्या आशेने विचारलं, काय, घरी सराव कसा चाललाय? ठिणगीने सांगितलं, आमच्या घरी सगळे मुद्दाम करतात आणि मग चुकून म्हणतात. बाईंची डोलणारी मान पहिल्यांदाच थांबली. आम्ही दोघांनी मान खाली घातली. विचार कर, ज्या पोरीला वाटत होतं की सगळं जग आपल्यावर टपलेलं आहे, तिचं म्हणणं निदान आमच्या पत्त्यापुरतं आम्ही शब्दशः खरं करून दाखवलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की खरी चूक पाहिल्याशिवाय खऱ्या चुकीची ओळख पटत नाही, आणि खरी चूक ठरवून करता येत नाही. सुधारणा किती झाली ते सांगायला मुख्याध्यापिकांनी पुन्हा बोलावलं आहे ते पुढच्या सोमवारी. तोवर काय करावं ते मला सुचत नाही. रात्रंदिवस तीच पोरगी डोळ्यांसमोर येते. मोठी होऊन सगळ्यांकडे त्या मांजराकडे पाहिलं तसं पाहील आणि मग कोणीच तिच्या जवळ जाणार नाही, ह्याची मला भीती वाटते. तुला नाही सांगणार तर कोणाला सांगणार?

असो. ह्यावरून सहज आठवलं. मागल्या खेपेला तुम्ही आला होता तेव्हा भावजी खुर्चीतून उठताना आधारासाठी पडदा धरून उठले, पडदा दांडीसकट खाली आला, आणि त्या गडबडीत त्यांचा पाय ठिणगीच्या मातीच्या घरावर पडला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पण ठिणगीने हात उचलला नाही. पडद्याखालून तिने त्यांचा चष्मा शोधून काढला, फ्रॉकला पुसून त्यांच्या नाकावर ठेवला आणि आम्हाला समजावलं, की आतोबांचं तसंच असतं. तेव्हा मला ह्याचं काहीच वाटलं नव्हतं, पडद्याचंच वाटलं होतं. आता मी दाव्यांची तपासणी करणारा माणूस म्हणून जबाबदारीने लिहितो, की भावजींइतका निर्मळ माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी आजवर जे काही फोडलं, सांडलं, तुडवलं, त्यात हेतूचा लवलेशही सापडणार नाही. आमच्या साहेबांच्या निरोपसमारंभात (ते नंतर गेलेच नाहीत, तो भाग वेगळा) भाषण ऐन रंगात असताना भावजी भिंतीला टेकले आणि सगळे दिवे गेले, तेव्हासुद्धा अंधारात त्यांचाच आवाज आला, की अरे, दिवे गेले वाटतं.

बाकी विशेष काही नाही. तुझ्या गुडघ्याला जप. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते चुकून झालं आहे असं समज.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भावजींना चार दिवस आमच्याकडे पाठवशील का? सोमवारच्या आत. तुझ्या गुडघ्यालाही तेवढीच विश्रांती मिळेल.

ता. क. २ त्यांना कशासाठी बोलावलं ते कृपा करून सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते बिचारे मदत करायला जातील, जपून चुका करतील, आणि मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला? ठिणगीला आठवण येते एवढंच सांग. ते खोटंही नाही. एरवी ते येणार म्हटलं की आम्ही काचेचं सामान माळ्यावर टाकतो, ते ह्या वेळी खाली काढून ठेवलं आहे. आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, औषध आहे.

ता. क. ३ पाकीट चिकटवायला घेतलं आणि पुन्हा उघडावं लागलं. त्याचं कारण असं. हे लिहायला मी ठिणगीच्या टेबलावर बसलो होतो. पाकीट चिकटवताना माझं कोपर लागलं आणि तिची रंगपेटी खाली पडली, सगळे खडू मोडले. ताई, शपथेवर सांगतो, चुकून. अगदी भावजींच्या दर्जाचं. ठिणगी समोरच उभी होती. मी नडगी मागे घेतली. ती खडूंकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा खडूंकडे. तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. मग म्हणाली, चुकून झालं ना, बाबा? असू दे. होतं असं. आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटून स्वयंपाकघरात गेली. मला इतका आनंद झाला, की मी तुझ्या भावजयीला हाक मारायला उठलो आणि दारापाशीच थांबलो. आत ठिणगी आपल्या आजीला हळू आवाजात सांगत होती (म्हणजे आईला ऐकू जाईल इतक्या हळू), की बाबांनी आज पुन्हा मुद्दाम पाडलं. पण मला कळलं ते त्यांना सांगू नकोस हं, आजी. ते खूप मेहनत करतात आणि त्यांना जमत नाही. मग त्यांना वाईट वाटतं.

आता हे उत्तर समुपदेशकबाईंच्या हिशेबात बरोबर धरायचं की चूक, ते तूच सांग. मी खाली बसून मोडलेले खडू गोळा केले आणि बराच वेळ वर उठलो नाही. कंबर धरली होती.